झूमध्ये जन्मलेल्या हत्तीच्या पिल्लाला काय कमी पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत पोर्टलंडला मुलाकडे गेला होतात, तेव्हा नातीला घेऊन ओरेगन झूमध्ये तुला-तू नावाचं हत्तीचं पिल्लू बघून आलात. नात खूश झाली. तुमच्या मनात मात्र राहिलं, की कुंपणाच्या आतच जन्मलेल्या या जिवाला जंगलाची ओढ लागत असेल का, त्याचं पुढं होतं काय, आणि मोठं झाल्यावर त्याला रानात का सोडत नाहीत. वर नातीनं विचारलं, हिचे बाबा कुठे आहेत?

मी पशुवैद्य. नोकरीची पहिली बारा वर्षं एका शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेली, नंतर दक्षिणेतल्या हत्ती कॅम्पांमध्ये येणं-जाणं राहिलं. पोर्टलंडचा कळप मी स्वतः पाहिलेला नाही. पण हत्तींत काम करणाऱ्यांना त्या कळपाची वंशावळ आपल्या भाऊबंदांसारखी पाठ असते. तुमची तुला-तू १ फेब्रुवारी २०२५ ला जन्मली. तिची आई रोज-तू, जन्म १९९४, तिथंच. रोज-तूची आई मी-तू, जन्म १९६२, तीही तिथंच. आणि मी-तूची आई रोझी १९५३ साली थायलंडहून आलेली. म्हणजे रान पाहिलेली शेवटची बाई पणजी. त्यामुळं जंगल आठवण्याचा प्रश्नच येत नाही. जे पाहिलंच नाही ते आठवणार कुठून? या पिल्लांना जे कमी पडतं त्याला मी मावश्या म्हणतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सांगायला फार आवडत नाही.

आमच्याकडे एक हत्तीण गाभण होती. लहानपणी आलेली, दुसऱ्या कुणाचं बाळंतपण तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. हत्तिणीचे दिवस वीस ते बावीस महिने. ते भरत आले तशी आम्ही तयारी केली. जाड पेंढा अंथरला, दिवे मंद केले, आणि सोबतीला जी म्हातारी हत्तीण होती तिला 'उगाच गडबड नको' म्हणून शेजारच्या खोलीत हलवलं. हा निर्णय माझा होता. रात्री अडीचच्या सुमारास पिल्लू पडलं. आपल्या पोटातून हे काय निघालं ते त्या बिचारीला कळेना. ती मागं सरली, पायातल्या साखळीला हिसका बसला, कान पंख्यासारखे उभे केले, आणि पुढच्या पायानं त्या ओल्या गोळ्याला ढकलायला लागली. आधी हळू, मग जोरात. माहुतानं जिवावर उदार होऊन पिल्लू बाहेर ओढलं. पुढचे दोन दिवस आम्ही ते आईजवळ न्यायचा प्रयत्न करत राहिलो, ती बिथरत राहिली. चीक पोटात गेला नाही. बाटलीनं दूध दिलं, ते मानवलं नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं.

त्या रात्रभर शेजारच्या खोलीतली म्हातारी दाराला डोकं लावून उभी होती आणि मधूनमधून धडका देत होती. आम्हाला वाटलं, आवाजानं घाबरली असेल. माहूत म्हणाला, "साहेब, तिला आत यायचंय." मी नाही म्हटलं.

पुढं काही वर्षांनी एका कॅम्पात जंगलाच्या कडेला हत्तीण व्याली तेव्हा मी हजर होतो. पिल्लू पडताच तिनंही त्याला पायानं लाथ घातली! मी अर्धा उठलोच. पण ती लाथ बरोबर असते. त्यानं पिल्लावरचं पातळ आवरण फाटतं, पिल्लू हबकतं आणि श्वास घेतं. किती जोरानं आणि किती वेळा, एवढंच शिकायचं असतं. तिसऱ्या लाथेला एका थोराड हत्तिणीनं आपली सोंड मधे घातली. जरा वेळानं तिघी पाठी आत करून उभ्या राहिल्या आणि मधे ते शंभर किलोचं पिल्लू चार पाय फाकवून डुलत उभं. तासाभरात ते आईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड खुपसून आचळ शोधत होतं. आचळ तिथं असतात, गाईसारखे मागं नसतात, आणि पिल्लू तोंडानं पितं, सोंडेनं नाही. रानातल्या हत्तिणीनं स्वतः व्यायच्या आधी आईची, मावश्यांची पाच-सात बाळंतपणं पाहिलेली असतात, धाकट्यांना सांभाळून हात बसलेला असतो. झूतल्या मुलीला तो अनुभव मिळेल याची खात्री नसते.

रोज-तूच्या बाबतीत हेच झालं. ऑगस्ट २००८ मध्ये तिला पहिला मुलगा झाला, समुद्र. झाल्या झाल्या ती गोंधळली आणि त्याला तुडवायला निघाली. तिथल्या लोकांनी पिल्लू वेगळं केलं, पण सोडून दिलं नाही. अंतर राखून पुन्हा पुन्हा भेट घडवली, आणि काही दिवसांत तिनं त्याला पाजू दिलं. २०१२ साली मुलगी झाली, लिली, तेव्हा तिला काही शिकवावं लागलं नाही. तुला-तूच्या वेळी तर ती मुरलेली आई होती. तेव्हा तुमच्या पिल्लाला मोठी गोष्ट मिळालीय ती म्हणजे आधी चुकलेली आणि मग शिकलेली आई. मोठं आवार वगैरे त्याच्या नंतर येतं.

पहिल्या वर्षाबद्दल फार काळजी करू नका, ते मजेत जातं. सोंडेत चाळीसेक हजार स्नायूंचे जुडगे असतात असं म्हणतात, आणि पिल्लाला त्यातला एकही धड वापरता येत नाही. सोंडेवर पाय पडतो, ती डोळ्यांवर येते, ती चोखत झोप लागते. गवताची काडी उचलायला काही महिने जातात. या काळात पिल्लू आईची लीद खातं. नात 'ई' म्हणाली असेल तर तिला सांगा, गवत पचवणारे जिवाणू पोटात जायचा तोच रस्ता आहे.

खरी भीती पुढची. दूध कमी होऊ लागलं की आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरते, आणि एक ते आठ वर्षांच्या आशियाई पिल्लांवर एका नागीण-कुळातल्या विषाणूचा घाला येतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्याला ईईएचव्ही म्हणतो. हा बहुतेक मोठ्या हत्तींच्या अंगात निपचित पडून असतो, त्यांना काही होत नाही. पिल्लांत तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसतो आणि आतल्या आत रक्त झिरपायला लागतं. काल खेळत असलेलं पिल्लू आज जरा गप्प, डोकं किंचित सुजलेलं, जीभ जांभळट, आणि उद्या नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय झूमध्ये जन्मलेली कुमारी १९९५ साली सोळा महिन्यांची असताना अशीच गेली. तिच्या शवविच्छेदनापासून शोध सुरू झाला आणि १९९९ मध्ये हा विषाणू पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ओडिशाच्या नंदनकाननमध्ये चार कमी वयाचे हत्ती त्यानं नेले. आणि पोर्टलंडची लिली, म्हणजे तुला-तूची एकाच आईची थोरली बहीण, २९ नोव्हेंबर २०१८ ला गेली. दुसऱ्या दिवशी तिचा सहावा वाढदिवस होता.

म्हणून झूतल्या पिल्लाचं बालपण सुईभोवती फिरतं. काही महिन्यांचं असल्यापासून त्याला कान पुढं करायला शिकवतात. कानामागची शीर बोटानं दाबून उठवायची, सुई घालायची, तोंडात केळ्याचा तुकडा. आठवड्याला एकदा. रक्तात विषाणूचं प्रमाण वाढताना दिसलं की लक्षणं दिसायची वाट न बघता औषध आणि मोठ्या हत्तीच्या रक्तातला प्लाझ्मा. लक्षणं दिसल्यावर धावणाऱ्यांनी पिल्लं गमावली आहेत, मीही त्यांत आहे. जून २०२४ मध्ये ह्यूस्टन झूतल्या टेस नावाच्या चाळिशीतल्या हत्तिणीला एमआरएनए प्रकारची पहिली लस टोचली. निम्मा आनंद मी राखून ठेवलाय, कारण लस किती पिल्लांना वाचवते ते कळायला एक पिढी मोठी व्हावी लागेल. पण चाळीस वर्षांत एवढी आशा वाटावी असं दुसरं काही झालेलं नाही.

आता नातीच्या प्रश्नाकडे. हत्तींमध्ये बाबा घरी राहतच नाहीत. रानातसुद्धा कळप असतो तो आजी, आई, मावश्या आणि पोरांचा. मुलगे बारा-पंधरा वर्षांचे झाले की हुंदडायला लागतात, मावश्या त्यांना धक्के मारून बाहेर काढतात, आणि ते इतर नरांच्या मागं फिरू लागतात. तेव्हा तुला-तूला बाबांवाचून काही अडत नाही. अडतं ते मुलग्यांचं.

पोर्टलंडचाच पॅकी घ्या. १४ एप्रिल १९६२ ला जन्मला, पश्चिम गोलार्धात चव्वेचाळीस वर्षांनी जन्मलेलं पहिलं हत्तीचं पिल्लू. लाइफ मासिकानं पानंच्या पानं छापली, लोकांच्या रांगा लागल्या. हे गोंडसपण दोन-तीन वर्षं टिकतं. मग नर वाढत सुटतो. पॅकी सव्वातीन मीटर उंच झाला. वयात आलेला नर दरवर्षी मदावर येतो. डोळा आणि कानाच्या मधून तेलकट पाझर लागतो, लघवी गळत राहते, आणि ओळखीच्या माहुतालाही तो ओळख दाखवत नाही. असा नर ठेवायला वेगळं आवार, रेल्वेच्या रुळांसारखे गज आणि दुरून चालणारे दरवाजे लागतात. फार थोड्या झूंकडे ते असतं. म्हणून नर पिल्लू झालं की आम्ही टाळ्या वाजवतो आणि मनात हिशेब करतो, की दहा वर्षांनी याला ठेवायचं कुठं. पॅकीचा बराच काळ नर म्हणून वेगळ्या आवारात गेला.

नरालाही थोरल्यांचा धाक लागतो, हे दक्षिण आफ्रिकेत फार महाग पडून कळलं. पिलानेसबर्ग अभयारण्यात हत्तींची अनाथ पोरं आणून सोडली होती, त्यांच्यावर वडीलधारं कुणी नव्हतं. ती वेळेआधी मदावर आली आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा मोठे नर आणून सोडले. पोरांचा मद ओसरला, गेंडे मरायचे थांबले. ते तर मोकळं रान होतं! जागा होती, चारा होता, काका नव्हते. आता काही झू तरुण नरांना थोरल्या नराबरोबर एकत्र ठेवतात ते याच धड्यावरून.

पॅकीचा शेवट क्षयानं झाला. हो, आपलाच टीबी, माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला जाणारा. मोठ्या हत्तीच्या छातीचा एक्स-रे काढता येत नाही, म्हणून सोंडेच्या एका नाकपुडीत साठेक मिली मिठाचं पाणी सोडायचं, सोंड वर धरायला लावायची, आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत फुंकर मारायला सांगायची. असं वेगवेगळ्या तीन दिवशी. शिकवलेला हत्ती हे शांतपणे करतो. न शिकवलेला ते सगळं पाणी डॉक्टरच्या तोंडावर उडवतो, आणि तो क्षयाचा रुग्ण असू शकतो हे तुम्हाला त्याच क्षणी आठवतं. पॅकीचं निदान २०१३ मध्ये झालं. गोळ्या त्याला सोसल्या नाहीत, जंतू औषधाला दाद देईनात, आणि ९ फेब्रुवारी २०१७ ला, चौपन्नाव्या वर्षी, त्याला इंजेक्शननं शांत केलं. तेव्हा उत्तर अमेरिकेतला तो सर्वांत वयस्क आशियाई नर होता.

चौपन्न म्हणजे बरंच झालं असं तुम्ही म्हणाल. पण तो अपवाद. २००८ साली सायन्स नियतकालिकात साडेचार हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदींवर एक अभ्यास आला. युरोपातल्या झूमध्ये जन्मलेल्या आशियाई मादीचं मध्यक आयुर्मान १८.९ वर्षं निघालं. ब्रह्मदेशात लाकूड ओढणाऱ्या हत्तिणींचं ४१.७. ओंडके ओढणारी, पायात साखळी असलेली हत्तीण आयत्या चाऱ्यावरच्या हत्तिणीच्या दुपटीहून जास्त जगते! झूवाल्यांनी त्यावर आक्षेप घेतले. आकडे १९६० पासूनचे आहेत, तेव्हाची व्यवस्था वाईट होती, हे म्हणणं काही प्रमाणात बरोबरही आहे. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी होत्या. रानातून आणलेल्यांपेक्षा झूमध्ये जन्मलेल्या आशियाई मादी लवकर जात होत्या, आणि एका झूतून दुसरीकडे हलवलं की धोका वाढत होता. लाकूडकॅम्पातली हत्तीण कामानंतर रात्री जंगलात चरते, आणि इतर हत्तिणींच्या सोबतीत असते. मी मावश्यांचं घोडं पुढं दामटतोय असं वाटेल, पण मला तरी आकड्यांत तेच दिसतं.

बाकी कारणं सरळ आहेत. सिमेंटवर उभं राहून तळवे फाटतात, नखांत पू होतो, सांधे जातात. मी हत्तीचा पाय मांडीवर घेऊन कानस मारण्यात जितके तास घालवलेत तितके कुठल्याच आजारावर घालवले नाहीत. जाडी वाढते. मादीला वेळेत पिल्लू झालं नाही तर गर्भाशयात गाठी होतात आणि मग होतच नाही. कंटाळ्यानं झुलणं हे लोकांना नाच वाटतं. पोर्टलंडनं २०१५ अखेर सहा एकरांचं नवं आवार उघडलं, आत वाळू टाकली, आणि चारा एका जागी न देता वेळ लावलेल्या पेट्यांतून इथं-तिथं पडेल असं केलं, म्हणजे हत्तीला चालावं लागतं. रानाच्या मानानं सहा एकर म्हणजे अंगणच, पण वाळू असलेलं अंगण.

आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्ये हत्ती झूमधून हलवून कॅम्पांत न्यावेत असं ठरवलं. सगळे गेले नाहीत अजून, पण दिशा मला पटते. गडचिरोलीतला कमलापूरचा कॅम्प हा महाराष्ट्रातला त्याचा जवळचा नमुना, तिथली पिल्लं आईबरोबर जंगलात चरायला जातात. कॅम्प म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही, साखळ्या तिथंही असतात.

राहिला शेवटचा प्रश्न, रानात सोडण्याचा. श्रीलंकेत उडावलावेला १९९५ पासून अनाथ पिल्लं वाढवून रानात सोडतात, शंभरावर सोडून झाली. पण ती रानात जन्मलेली, आणि तिथं माणसाचा लळा लागू नये म्हणून दूध नळीतून पाजतात, पिल्लं आपापसांतच वाढतात आणि गटानं बाहेर पडतात. तुला-तू हाक मारली की पळत येते. उद्या तिला थायलंडच्या रानात सोडली तर पहिल्या संध्याकाळी ती जवळच्या गावात केळी मागायला जाईल, आणि तिथं तिचं काय होईल ते आपल्या सिंधुदुर्ग-चंदगडच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. पाणी उन्हाळ्यात कुठं मिळतं, कुठल्या वाटेनं जायचं नाही, हे हत्तीच्या रक्तात नसतं, आजीच्या डोक्यात असतं. त्यात क्षय आणि विषाणू रानातल्या कळपात नेऊन घालायचा धोका वेगळाच.

पुन्हा जाल तेव्हा एक करा. सकाळी उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते. पिल्लू वाळूत आडवं झालं की त्याच्याकडे बघू नका, बाकीच्या हत्तिणी कुठं उभ्या राहतात ते बघा. पाठ पिल्लाकडे आणि तोंड बाहेर करून एखादी जरी त्याच्या अंगावर सावली धरून उभी असली तर मला कळवा. नातीला म्हणावं, छातीवर तळवा ठेवून कुंपणाजवळ गप्प उभी राहा. १९८४ मध्ये केटी पेन नावाच्या बाईला याच झूमध्ये हत्तींजवळ उभं असताना हवेत थरथर जाणवली होती, आणि त्यावरूनच कळलं की हत्ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या खर्जात बोलतात. मुलांना कधीकधी ती जाणवते. मला माझ्या सगळ्या नोकरीत दोनदाच जाणवली. त्यातली एक वेळ म्हणजे ती म्हातारी दाराला डोकं लावून उभी होती ती रात्र.